जिला दिवस राहत नाहीत

जव्हार-मोखाड्यात एखाद्या बाईची पाळी चुकली की सरकार तिच्या दारात येतं. आशाताई नाव लिहून घेते. सिस्टर हिमोग्लोबिन बघते. अंगणवाडीत अमृत आहाराचं एक वेळचं गरम जेवण सुरू होतं, महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टर तपासतात, पहिलटकरीण असेल तर मातृवंदना योजनेचे पैसे खात्यावर येतात. यासाठी या डोंगराने फार मोठी किंमत मोजली आहे. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा मंत्रालयाला या पाड्यांची नावं कळली. ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्याच्या मरकटवाडीत घरीच जन्मलेली जुळी गेली आणि त्यांच्या आईला झोळीत घालून चिखलातून न्यावं लागलं, तेव्हा रस्त्याची चर्चा झाली. म्हणून गरोदर बाईच्या मागे उभी असलेली ही यंत्रणा, तिच्यात कितीही उणिवा असोत, मला मोलाची वाटते.

पण या यंत्रणेचं दार उघडतं ते पाळी चुकल्यावर. लग्नाला पाच वर्षं होऊनही जिची पाळी महिन्याच्या महिन्याला येतेच, तिने कुठे जायचं? ती आधी भगताकडे जाते. मग नवस होतात. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तोरंगणचा घाट चढून, त्र्यंबकमार्गे नाशिक. तिथे सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी, महिनाभराच्या गोळ्या. हातातला पैसा संपला की फेऱ्या थांबतात आणि घरात दुसरी आणायची भाषा सुरू होते. शेजारच्या घरी पाचवीला तिला बोलावणं येत नाही. मूल नसण्याचं दुःख तिला आहेच. पण घरातली जागा, नवऱ्याच्या जमिनीवरचा हक्क, म्हातारपणाचा आधार हे सगळंही त्या एका गोष्टीवर टांगलेलं असतं.

माझं म्हणणं असं की अशा भागातल्या वंध्यत्वाकडे नशीब म्हणून पाहू नये आणि शहरातल्यासारखा आयव्हीएफचा विषय म्हणूनही पाहू नये. इथे त्याचा माग काढत गेलं तर अनेकदा आपण वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या जंतुसंसर्गापाशी आणि त्यातून आलेल्या सुजेपाशी पोहोचतो. घरी झालेलं बाळंतपण, अर्धवट राहिलेला गर्भपात, नवऱ्याकडून आलेला संसर्ग, यांतून जंतू गर्भाशयाच्या मुखातून वर चढतात आणि गर्भनळ्यांपर्यंत जातात. गर्भनळीचा सगळ्यात अरुंद भाग आतून जेमतेम एक मिलिमीटर, शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा असतो. तिच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते हलत राहतात म्हणून बीज पुढे सरकतं. सूज आली की हे तंतू झडतात, नळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. औषधाने किंवा आपोआप सूज उतरते, पोटातली कळ थांबते, बाई कामाला लागते. आतला चट्टा मात्र राहतो.

किती नुकसान होतं, हे स्वीडनमधल्या लुंडच्या डॉक्टरांनी नीट मोजलं. 1960 ते 1984 या काळात दुर्बिणीने तपासून ओटीपोटातली सूज पक्की झालेल्या 1,844 बायकांचा त्यांनी पुढे मागोवा घेतला. अशी सूज एकदा आलेल्यांत गर्भनळ्यांमुळे वंध्यत्व आलं सुमारे 8 टक्क्यांना, दोनदा आलेल्यांत जवळपास 20 टक्क्यांना आणि तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा आलेल्यांत 40 टक्क्यांना. याच मालिकेतल्या दुसऱ्या निष्कर्षाने माझी झोप उडवली होती. दुखणं सुरू झाल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार न घेणाऱ्यांना पुढे मूल होण्यात अडचण येण्याचा धोका सुमारे तिपटीने वाढला. तीन दिवस! पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना पाड्यावरून आरोग्य केंद्रात यायलाच तेवढे दिवस जातात, आणि तेही बाईने घरात तोंड उघडलं तर. पोटात दुखतंय हे सासूला सांगता येतं, अंगावरून पांढरं जातंय हे पुरुष डॉक्टरला सांगता येत नाही.

हल्ली शहरांत ‘रक्तातली सूज’ हा शब्द फार ऐकू येतो. सूज कमी करणारा आहार, सूज मोजणारी पॅकेजं, सगळं विकायला आहे. त्यामागचं विज्ञान खोटं नाही. शरीरात कुठेही दाह असला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतं आणि ते मोजता येतं. अमेरिकेत 1,228 बायकांवर झालेल्या एका चाचणीत, आधी एक-दोन गर्भपात झालेल्या आणि सीआरपी थोडं वाढलेलं असलेल्या गटात, रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी 59 टक्क्यांना मूल झालं. ॲस्पिरिनऐवजी दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 44 टक्के होतं. म्हणजे रक्तातला दाह आणि मूल राहणं यांचा संबंध आहे. स्थूलपणा, पीसीओएस, एंडोमेट्रिओसिस यांतही तो दिसतो. पण ही आकडेवारी वाचून कुणी मनाने ॲस्पिरिन सुरू करू नये. आणि सीआरपी एवढंच सांगतं की शरीरात कुठेतरी आग लागली आहे. किडलेल्या दाढेनेही ते वाढतं, साध्या तापानेही वाढतं. उलट नळ्या कायमच्या बंद झालेल्या बाईचं सीआरपी अगदी नॉर्मल येऊ शकतं. मोखाड्याच्या बाईकडून नाशिकला असल्या तपासण्यांचे हजारो रुपये घेणं हे मला अन्यायाचं वाटतं, कारण तिच्या आजाराचा पत्ता हातांनी तपासून आणि चार नेमके प्रश्न विचारून लागू शकला असता.

एक आजार मात्र खरोखरच रक्तातून प्रवास करतो, तो म्हणजे क्षय. फुप्फुसात शिरलेला जंतू रक्तावाटे गर्भनळ्यांत जाऊन बसतो. जननेंद्रियांच्या क्षयात बहुतेक वेळा दोन्ही नळ्या सापडतात, पुष्कळदा गर्भाशयाचं अस्तरही. खोकला नसतो. ताप असेलच असं नाही. पाळी कमी जाते, कधी थांबते, आणि दिवस राहत नाहीत. आपल्या देशात वंध्यत्वाच्या तपासणीत क्षय शोधलाच पाहिजे असं प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञ शिकतो. त्यासाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा सीबीनॅट यंत्रावर तपासायचा. ते यंत्र थुंकीच्या तपासणीसाठी सरकारकडे आहेच. क्षयाची औषधं मोफत आहेत, निक्षय पोषणचे पैसे मिळतात, आदिवासी रुग्णाला प्रवासासाठी 750 रुपयांची तरतूद आहे. थुंकीचा डबा हातात देण्यापलीकडे जाऊन ‘बाई, पाळी कशी येते?’ एवढं विचारलं, तर हे सगळं तिलाही लागू होतं.

लपलेल्या सुजेची आणखी एक खूण म्हणजे न हटणारा ॲनिमिया. इथल्या बायका महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या घेतात आणि हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, म्हणून सिस्टर त्यांनाच रागावते, गोळ्या फेकून देतेस म्हणून. शरीरात दाह चालू असला की यकृतातून हेपसिडिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते आतड्यातून लोह आत घेऊ देत नाही आणि साठ्यातलं बाहेर सोडत नाही. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलच्या तपासणीबरोबर लपलेला संसर्गही शोधायला हवा. बाई खोटं बोलते असं धरून चालणं हा सोपा रस्ता आहे, बरोबर नाही.

हे सगळं महाराष्ट्राला नवं नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या आणि जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. 92 टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि त्यातले निम्मे आजार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. त्याआधी आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या अभ्यासाने जगभरच्या आरोग्य धोरणाला धक्का दिला. 1994 च्या कैरो परिषदेत वंध्यत्वाचा प्रतिबंध आणि उपचार हा प्रजनन आरोग्याचा भाग म्हणून मान्य झाला, भारतानेही मान्य केला. पुढे कार्यक्रमांची नावं बदलत गेली आणि पाड्यावर पोहोचला तो गरोदरपण, लसीकरण आणि नसबंदी एवढाच भाग.

औषध नाही म्हणावं, तर तेही आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यांना रंगीत किट पुरवली जातात. ओटीपोटात दुखणाऱ्या बाईसाठी पिवळं. त्यात सेफिक्झिमची एक गोळी असते, मेट्रोनिडॅझोलच्या 28 आणि डॉक्सिसायक्लिनच्या 28. सकाळ-संध्याकाळ, 14 दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडात धातूची चव येते, मळमळतं, नागलीची भाकर नकोशी होते. दुखणं तर तोवर थांबलेलं असतं. उरलेल्या गोळ्या कुडाच्या भिंतीत खोचलेल्या राहतात. पुन्हा दुखेल तेव्हा तिथूनच दोन काढून घेतल्या जातात, कधी त्या जावेला दिल्या जातात. या काळात दारू घ्यायची नाही, हेही कुणीतरी सांगायला हवं. आणि नवऱ्यासाठीचं वेगळं राखाडी किट? ते त्याने घेतलं नाही तर बाईचं पिवळं किट वाया गेलंच म्हणून समजा. नवऱ्याला दवाखान्यात बोलावणं हे या उपचारातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते करणाऱ्या आशाताईच्या पदरात काही पडत नाही.

शिवाय दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. जगायला म्हणून माणसं भिवंडी, वसई, उरणच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती शिमग्याला किंवा त्याही नंतर परततात. भट्टीवर आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीचं कापड सुकवायला ऊन आहे पण जागा नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून दुखलं तरी खाडा करता येत नाही. असंच जगणाऱ्या बीडच्या ऊसतोड बायकांचं काय झालं हे 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलं. पाहणी केलेल्या 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून जाण्याची तक्रार घेऊन गेलेल्या कित्येक जणींना कॅन्सरची भीती घालण्यात आली होती. संसर्ग वेळेवर बरा केला नाही तर बीडमध्ये पिशवी जाते, मोखाड्यात कूस रिकामी राहते. दोन्हीकडे बाई मजूर आहे आणि वर्षातले सहा महिने तिला स्वतःचा दवाखाना नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस मूल न होणाऱ्या जोडप्यांचा असावा. त्या दिवशी बाई डॉक्टर हजर असावी. पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची व्हावी. ती सगळ्यात स्वस्त, बिनदुखरी आहे, आणि दोष पुरुषात असण्याची शक्यता मोठी असते. भट्टीच्या धगीपाशी राबणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत तर ती टाळूच नये, कारण उष्णतेने शुक्राणू घटतात. बाईची आतून तपासणी, क्षयासाठी अस्तराचा तुकडा, गरज असेल तर नळ्यांचा एक्स-रे. लग्नाला दोन वर्षं होऊन दिवस न राहिलेल्या जोडप्याला घेऊन येणाऱ्या आशाताईला बाळंतपणासारखाच मोबदला मिळावा. ज्यांच्या नळ्या खरोखर बंद झाल्या आहेत त्यांच्यासाठी आयव्हीएफचा प्रश्न उरतोच. गोव्याने 2023 मध्ये गोवा मेडिकल कॉलेजात ते मोफत सुरू केलं; महाराष्ट्राने आदिवासी जोडप्यांसाठी तेवढं करायला हरकत नाही. पण माझा भर त्याआधीच्या दहा वर्षांवर आहे, सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीला पहिल्यांदा ओटीपोटात दुखतं त्या वेळेवर.

आणि वर्षातला मुख्य भर दिवाळीआधीच्या अशा दिवसांवर द्या. भात कापणी आटोपून मुकादमाची गाडी पाड्यावर येण्यापूर्वी 14 दिवसांचं किट घरात बसून पुरं होईल, असा हिशोब करून. ज्यांचा उपचार अर्धा राहील त्यांच्या हातात चिठ्ठी द्या आणि तिची नक्कल भिवंडी, वसई, उरणच्या आरोग्य केंद्रांना पाठवा. गरोदर आणि कुपोषित स्थलांतरितांच्या याद्या तयार होतातच. त्याच यादीत या बायकांची नावं घाला.