घासायचा राहिलेला दगड

टँकमध्ये कोळंब्या सोडून चार दिवस झालेले असतात. पाचव्या दिवशी सकाळी बघावं तर पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं आणि काचेवर तपकिरी साय. मग घरात धावपळ उडते. कुणी अर्धं पाणी उपसून टाकतं, कुणी फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतं, कुणी दुकानातून शेवाळ मारायच्या औषधाची बाटली आणतं. आठवड्याभरात पाणी आरशासारखं लख्ख होतं. कोळंबी मात्र त्यात एकही उरलेली नसते.

निमखाऱ्या पाण्यातल्या कोळंब्या पाळणाऱ्यांची निम्मीअधिक दुखणी ही अशी ओढवून घेतलेली असतात. गढूळपणा आणि शेवाळ यांना शत्रू मानायचं आणि दिसताक्षणी तुटून पडायचं, ही सवय स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी ठीक आहे. टँक म्हणजे ओटा नव्हे.

या छंदातली सगळ्यांत चिवट कोळंबी हवाई बेटांवरची. तिथले लोक तिला ‘ओपाए उला’ म्हणतात, म्हणजे लाल कोळंबी. लांबी जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर, आपल्या जवळ्याच्या चणीची. डच शास्त्रज्ञ लिप्के होल्टहुइस यांनी 1963मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं, ‘हॅलोकॅरिडिना रुब्रा’ या नावानं. किनाऱ्याजवळच्या काळ्या लाव्हा खडकात जी डबकी असतात, त्यांत ती राहते. वरून पाहिलं तर डबक्याचा समुद्राशी काही संबंध दिसत नाही; पण खडकातल्या भेगांमधून खारं पाणी आत येतं, जमिनीतलं गोडं पाणी त्यात मिसळतं आणि भरती-ओहोटीबरोबर डबक्याची पातळी वरखाली होते. अशा डबक्यांना ‘अँकियालाइन’ हे नाव 1973मध्ये होल्टहुइस यांनीच दिलं.

तिच्या पुढच्या पायांच्या टोकांना केसांचे झुबके असतात. चित्रकारानं कुंचला फिरवावा तसे ते दगडावरून फिरत राहतात. शेवाळ, जीवाणू, त्यांचा चिकट थर असं सगळं खरवडून तोंडात जातं. त्या डबक्यांची सफाई करणारी तीच. पुढे माणसांनी काही डबक्यांत तिलापिया आणि गप्पी मासे सोडले. (आपल्याकडे डास आवरायला विहिरींत आणि टाक्यांत सोडतात, तेच गप्पी.) माशांच्या भीतीनं कोळंब्या दिवसभर भेगांमध्ये दडू लागल्या आणि बाहेर पडण्यासाठी रात्रीची वाट पाहू लागल्या. जिथे त्यांची चराई थांबली, तिथे शेवाळाच्या गाद्या साचल्या. थोडक्यात, खाणारं तोंड नाहीसं झालं म्हणून शेवाळ माजलं. औषध ओतणारे नेमकी हीच चूक घरातल्या चार लिटर पाण्यात करतात.

कारण शेवाळ मारणाऱ्या अनेक औषधांत तांबं असतं. मासे ते थोड्याफार प्रमाणात सोसतात. कोळंबी नाही. तिच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्याचंच असतं, हा निसर्गाचा विनोद म्हणायचा. पण पाण्यात मोकळं विरघळलेलं तांबं तिच्यासाठी विषच. बाटलीवर ‘माशांसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. वाचणारा ‘मासे’ या शब्दात कोळंबीलाही बसवून मोकळा होतो.

औषधाआधी निदान हवं, आणि त्याला यंत्र लागत नाही. काचेच्या ग्लासात टँकचं पाणी घ्यावं आणि मागे पांढरा कागद धरावा. राखाडी धूळ दिसली आणि तासाभरात तळाशी बसली, तर वाळू नीट धुतलेली नव्हती. एक-दोन दिवसांत टँकही निवळेल. मीठ आधी टाकून वरून थोडं थोडं पाणी ओतलं असेल, तर त्यातला कॅल्शियम चुन्यासारखा फुटून बाहेर येतो आणि पाणी पांढरं दिसतं. क्रम उलटा हवा, आधी पाणी आणि मग मीठ. हे मीठही स्वयंपाकातलं चालत नाही. समुद्री टँकसाठी मिळणारं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेलं मीठच लागतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ओपाए उलाला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतात. हायड्रोमीटरवर 1.010 ते 1.015 दिसलं की झालं. उन्हाळ्यात पातळी बोटभर उतरली, तर भर गोड्या पाण्याचीच घालायची, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. इतकी साधी गोष्ट न कळल्यामुळे दर आठवड्याला खारं पाणी ओतून टँकचं मिठागर करणारे कमी नाहीत.

ग्लासातलं पाणी दुधाळ दिसलं आणि तासाभरानंही काहीच खाली बसलं नाही, तर ते जीवाणू. उरलेलं खाणं कुजतं, त्यावर ते झपाट्यानं वाढतात आणि वाढताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. म्हणून अशा वेळी हवेचे बुडबुडे सुरू ठेवावेत, खाणं बंद करावं आणि बाकी काही करू नये. स्पंज तर मुळीच धुऊ नये. अमोनिया पचवणारे जीवाणू त्याच्यावरच वसलेले असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांचा फडशा पाडतं आणि मग अमोनिया चढतो, जो दुधाळ रंगापेक्षा कितीतरी घातक. नव्या टँकमध्ये ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे आठवडे टँक रिकामा ठेवायची तयारी फार थोड्यांची असते.

पाणी हिरवं दिसलं तर ते तरंगणारं सूक्ष्म शेवाळ. ऊन आणि जादा खाणं, दोन्ही मिळाल्यावर ते फोफावणारच. निम्मं पाणी बदललं तरी दोन दिवसांत पुन्हा हिरवं. त्यापेक्षा टँकवर जाड चादर टाकून तीन-चार दिवस अंधार करावा. कोळंबीला त्याचं काही वाटत नाही, भूमिगत भेगांमध्ये राहणारी जात ती. नंतर मेलेलं शेवाळ कुजू नये म्हणून चौथाई पाणी तितक्याच खारटपणाच्या पाण्यानं बदलावं. काचेवरची तपकिरी साय डायटम्स नावाच्या सूक्ष्म शेवाळाची. ती तर कोळंबीचा नाश्ता. खरी घाण एकच, निळसर हिरव्या पापुद्र्यासारखी निघणारी, कुबट वासाची. ते शेवाळ नसून जीवाणू आहेत आणि त्यांना नळीनं ओढून बाहेरच काढायचं.

आता मूळ दुखणं, म्हणजे खाऊ घालणारा हात. पाहुणा उपाशी जाता कामा नये, हा संस्कार टँकपर्यंत पोहोचलेला दिसतो. रोज चिमूटभर टाकायचं, मुलं शाळेतून आली की पुन्हा एकदा, आणि कोळंबी खात नाही असं दिसलं की वेगळं काही. वसाहत बसलेल्या टँकमध्ये ओपाए उलाला आठवडेच्या आठवडे बाहेरून काहीही लागत नाही. वीस-वीस वर्षं जगल्याचं जिच्याबद्दल सांगितलं जातं, ती चिमटी-चिमटीच्या लाडानं महिन्यात जाते.

अशाच हिरवट पाण्याकडे कोकणातले कोळंबी पिकवणारे कसे बघतात, हे घरच्या टँकवाल्यांनी पाहायला हवं. खाडीकाठच्या तळ्यात पिल्लं सोडण्याआधी पाण्यानं रंग धरला की नाही, हे तिथे पाहिलं जातं. काचेसारखं पाणी असेल तर चिंता. पिल्लांना चारा नाही आणि तळापर्यंत ऊन पोहोचलं तर तिथे नको ते शेवाळ धरणार. दोरीला बांधलेली काळी-पांढरी सेकी तबकडी पाण्यात सोडतात आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजतात. 30 ते 40 सेंटिमीटरवर नाहीशी झाली तर पाणी उत्तम. फारच लवकर दिसेनाशी झाली तर पाणी बदलायचं, कारण तेच शेवाळ रात्री प्राणवायू खातं आणि पहाटे कोळंब्या काठाला येऊन तडफडतात. त्यासाठी एरिएटरची चाकं रात्रभर फिरत ठेवावी लागतात. म्हणजे शेवाळ किती हवं, याचा तिथे सेंटिमीटरमध्ये हिशेब आहे. घरात मात्र प्रश्न एकच, कसं घालवायचं?

ओपाए उला काचेच्या बंद गोळ्यात घालूनही विकली जाते. ‘देखभाल शून्य’ ही तिची जाहिरात. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांना असा एक गोळा टपालानं आला आणि 1986मध्ये त्यांनी त्यावर पृथ्वीचं रूपक रचून लेख लिहिला. रूपक म्हणून ते छानच. पण त्या गोळ्यात पाणी दुधाळ झालं तर ते बदलायला झाकणच नसतं. उघड्या टँकमध्ये हात आवरण्याची निवड तरी असते. गोळ्याच्या मालकाला फक्त बघत बसायचं. अशी वस्तू टेबलावरची शोभा म्हणून विकणं सरळसरळ बंद व्हायला हवं.

उघडा टँक असलेल्यांनी रात्री अकराच्या सुमाराला दिवे मालवून एकदा टॉर्च मारून पाहावा. ब्रश हातात घेऊन रविवारी ज्या हिरव्या दगडापाशी बसायचं ठरलं होतं, त्याच्यावर लाल ठिपके दाटीवाटीनं सरकत असतात.