तापलेल्या घोड्यास पाणी द्यावे
उन्हातून आलेल्या घोड्यास पाणी पाजू नये, अंगावर थंड पाणी ओतू नये, हा समज जुना असला तरी तो सोडणेच इष्ट होय. घोड्याचे अंग मुख्यतः घाम वाळल्याने निवते. कोकणासारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी व मीठ जाते, उष्णता मात्र आत राहते. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये अशाच हवेत धावलेल्या घोड्यांना थंड पाणी ओतून निववण्यात आले. यास्तव लांबची मजल पहाटे उरकावी, वाटेत वरचेवर पाणी पाजावे, चंदीत मीठ घालावे. मुक्कामी खोगीर उतरवून सावलीत सर्वांगावर पाणी ओतीत राहावे. धाप ओसरत नसेल, तर त्या दिवशी मजल तेथेच थांबवावी. स्वाराची घाई जनावराच्या जिवावर बेतू नये.