फुकट आयपॉडचा हिशोब

"फुकट ते पौष्टिक" असं आपल्याकडे म्हणतात. इंटरनेटवर मात्र बरोबर उलटा सल्ला मिळतो. फुकट दिसलं की पळा, नक्की काहीतरी गडबड आहे. मला हे दोन्ही सल्ले अर्धवट वाटतात. कारण फुकट बक्षिसांच्या काही योजना अशा होत्या, की ज्यात बक्षीस खरोखर मिळायचं, पोस्टाने घरी यायचं, आणि तरीही त्या योजना वाईटच होत्या. फसवणूक नव्हती म्हणून त्या चांगल्या ठरत नाहीत. आजचा मुद्दा एवढाच आहे.

उदाहरण २००४ सालचं घेऊ. अमेरिकेत आयपॉडचं वेड टिपेला पोचलं होतं. आयपॉड मिनी २४९ डॉलरला मिळायचा. कॉलेजात शिकणाऱ्या पोराच्या खिशाला ही रक्कम जडच. अशा वेळी फ्रीआयपॉड्स डॉट कॉम नावाची साइट आली. चालवणारी कंपनी वॉशिंग्टन डीसीची, नाव ग्रॅटिस इंटरनेट. अट अशी, की साइटवर नाव नोंदवायचं, तिथल्या जाहिरातदारांपैकी एकाची ऑफर पूर्ण करायची (म्हणजे एओएलची ट्रायल घ्यायची किंवा एखाद्या क्रेडिट कार्डासाठी अर्ज करायचा वगैरे) आणि मग पाच मित्रांना आणायचं. त्या पाचही जणांनी तेच सगळं करायचं. पाच झाले की आयपॉड तुमचा!

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, थापा आहेत. पण लोकांच्या घरी खोकी यायला लागली. खोक्यांचे फोटो फिरले, बातम्या छापून आल्या, आणि मग तर झुंबडच उडाली. पाठोपाठ टीव्ही, गेम कन्सोल, लॅपटॉप अशा "फ्री" साइट्सचं पीक आलं. बक्षीस जेवढं मोठं, तेवढे जास्त मित्र आणायचे.

आता यात वाईट काय? कंपनीला जाहिरातदाराकडून पैसे, जाहिरातदाराला गिऱ्हाईक, पोराला आयपॉड. सगळेच खूश. बरोबर?

जरा कागद-पेन्सिल घेऊ.

पहिलं गणित सोपं आहे. एका आयपॉडमागे पाच माणसं खर्ची पडतात, आणि एक माणूस एकाच्याच खात्यात मोजला जातो. म्हणजे कोणत्याही क्षणी पाहिलं तरी, ऑफर पूर्ण केलेल्या शंभर माणसांपैकी जास्तीत जास्त वीस जणांच्या हातात आयपॉड असू शकतो. तोसुद्धा सगळं अगदी आखीव-रेखीव झालं तर. उरलेले ऐंशी "अजून दोन मिळाले की झालं" म्हणत बसलेले. त्या ऐंशींना द्यायचं तर आणखी चारशे माणसं हवीत. मग त्या चारशेंचं काय? पाचाच्या पटीत तेराव्या पायरीला १२२ कोटी होतात आणि चौदाव्या पायरीला ६१० कोटी. २००४ मध्ये जगाची लोकसंख्या साधारण ६४० कोटी होती. म्हणजे तान्ही बाळं धरूनही चौदाव्या पायरीच्या पुढे माणसंच उरत नाहीत :)

लोकांनी यावर डोकं चालवून रांगा लावल्या. पहिल्या नंबरच्या माणसाखाली नाव नोंदवायचं आणि रांगेच्या शेवटी उभं राहायचं. पहिल्याचे पाच झाले की तो बाहेर, मग दुसऱ्याचा नंबर. दिसायला अगदी न्याय्य पद्धत. पण तुमचा नंबर शंभरावा असेल, तर तुमच्यापर्यंत आयपॉड यायला रांगेत एकूण ५०१ माणसं लागतात. म्हणजे तुमच्या मागे ४०१ जण उभे असतील तेव्हा तुम्ही हसत घरी जाणार. ते ४०१ जण कोणाच्या भरवशावर उभे आहेत, हा प्रश्न रांगेत कोणी विचारत नाही. काहींनी तर सरळ अनोळखी माणसांना रोख पैसे देऊन रेफरल विकत घेतले. तिथे "फुकट" हा शब्दच संपला.

दुसरं गणित कंपनीच्या बाजूचं. ते मला जास्त मजेशीर वाटतं. अशा ऑफरमागे जाहिरातदार काही डॉलर देतो. समजा ४५ डॉलर. (आकडा माझा, फक्त हिशोबासाठी.) वरवर पाहता एका आयपॉडमागे सहा ऑफर, म्हणजे २७० डॉलर जमा आणि २४९ खर्च. चार पैसे सुटले. पण ही बेरीज चुकीची आहे, कारण तुमच्या खाली आलेल्या पाच जणांनाही स्वतःचा आयपॉड हवा आहे. त्यांचे पैसे दोनदा मोजून चालणार नाही. शंभर माणसांचे मिळून आले ४,५०० डॉलर. शंभरातल्या कोणालाही स्वतःखेरीज फार तर ९९ जण आणलेले असू शकतात, म्हणजे जास्तीत जास्त १९ आयपॉड. त्यांची किंमत ४,७३१ डॉलर. चक्क तोटा!

मग धंदा चालतो कशावर? अर्धवट राहिलेल्यांवर. प्रत्यक्षात शंभरात समजा दहाच जणांचे पाच पूर्ण झाले, तर खर्च २,४९० आणि शिल्लक २,०१०. उरलेले ४९ रेफरल कोणाकडे दोन, कोणाकडे तीन, कोणाकडे चार असे विखुरलेले. चार आणणाऱ्याला चार पंचमांश आयपॉड मिळत नाही, शून्य मिळतो. पण त्या चारांचे पैसे कंपनीच्या खात्यात केव्हाच जमा झालेले असतात. थोडक्यात काय, तर जिंकणाऱ्याचा आयपॉड कंपनीने दिलेला नाही आणि जाहिरातदारानेही एकट्याने दिलेला नाही. त्यात चारावर अडकलेल्या कोणाची तरी मेहनत आहे. आणि तो "कोणीतरी" बहुतेक वेळा जिंकणाऱ्याच्याच ओळखीतला असतो, कारण त्यानेच त्याला आणलेलं असतं.

मी हे सगळं मान्य करूनही म्हणेन, की जिंकणाऱ्यासाठी सौदा फार वाईट नव्हता. समजा मित्रांच्या मागे लागण्यात तीस तास गेले. २४९ भागिले तीस, म्हणजे तासाला आठ डॉलरच्या वर. तेव्हा अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ५.१५ डॉलर होतं. बर्गरच्या दुकानात उभं राहण्यापेक्षा बरंच की! पण मग याला फुकट म्हणू नका. ही नोकरी आहे. सेल्समनची, कमिशनवर. आणि टार्गेट पूर्ण झालं नाही तर पगार शून्य.

कमिशनवर काम करण्यात कमीपणा काहीच नाही. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात एक तरी एलआयसीवाले काका असतात. ते लग्नात भेटले की पॉलिसीचा विषय निघणार, हे आपल्याला ठाऊक असतं. त्यांना कमिशन मिळतं हेही ठाऊक असतं. म्हणून त्यांचं बोलणं आपण त्या हिशोबाने ऐकतो, आणि तरी त्यांच्याशी प्रेमाने बोलतो. भाड्याचं घर दाखवणारा एजंट दलाली घेणार हे त्याने पहिल्याच फोनवर सांगितलेलं असतं. घर कितीही "एकदम झकास" म्हणून दाखवलं तरी आपण नळ सोडून बघतोच. भूमिका उघड असली की फसगत होत नाही.

मित्राची गोष्ट वेगळी. मित्र म्हणाला "हे बघ, मस्त आहे", की आपण नळ सोडून बघत नाही. त्याच्या शब्दाला किंमत आहे ती याच कारणाने, की त्यात त्याचं काही नाही. रेफरल साइट्स विकत घेत होत्या ती हीच गोष्ट. जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवत नाही, मित्रावर ठेवतात. आणि गंमत बघा, फ्रीआयपॉड्ससाठी तुम्ही मित्राच्या गळ्यात जे मारत होता, ते क्रेडिट कार्ड किंवा ती ट्रायल तुम्हाला स्वतःला नकोच होती. तुम्हाला आयपॉड हवा होता. म्हणजे स्वतःला नको असलेली वस्तू मित्राला घ्यायला लावायची, तीही त्याला आयपॉडचं गाजर दाखवून.

बरं, ती ट्रायल घेणंही साधं नव्हतं. घेणं दोन मिनिटांचं, सोडणं महाकठीण. एओएलने तर २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अॅटर्नी जनरलबरोबर साडेबारा लाख डॉलरची तडजोड केली. तक्रार हीच होती, की लोक फोन करून सेवा बंद करा म्हणतात आणि फोनवरचा माणूस बंद करू देत नाही.

माहितीचं काय झालं, ते २००६ मध्ये उघड झालं. मार्च २००६ मध्ये त्याच अॅटर्नी जनरलने, म्हणजे एलियट स्पिट्झर यांनी, डेट्रान मीडिया या ईमेल मार्केटिंग कंपनीबरोबर ११ लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. लोकांना "तुमची माहिती कोणाला देणार नाही" असं वचन देऊन गोळा केलेल्या याद्या या कंपनीने घेतल्या होत्या. प्रकरण साठ लाखांहून अधिक अमेरिकनांच्या माहितीचं होतं. त्याच महिन्यात स्पिट्झर यांनी ग्रॅटिसवरही खटला भरला. वचन मोडून माहिती विकली, हा आरोप. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही "फ्री गिफ्ट"वाल्यांना हात घातला. २००७ मध्ये अॅडटेरॅक्टिव्हने साडेसहा लाख डॉलर भरले, २००८ मध्ये व्हॅल्यूक्लिकने २९ लाख. "फुकट" म्हणता आणि ते मिळवायला आधी खर्च करावा लागतो हे नीट सांगत नाही, हा आक्षेप.

हे वाचून "अमेरिकेतलं आहे, आपल्याला काय" असं वाटेल. आपल्याकडे हाच मसाला जास्त तिखट होऊन आला. स्पीक एशियाने ११,००० रुपये भरून घेतले आणि ऑनलाइन सर्व्हे भरण्याचे दर सर्व्हेला ५०० रुपये देऊ केले. वर माणसं आणली की बोनस वेगळा. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने २०११ मध्ये गुन्हा नोंदवला, तोवर लाखो लोक आत होते. तिथे निदान पैसे आधी मागत होते, म्हणून धोका दिसू तरी शकत होता. फ्रीआयपॉड्समध्ये तोही नाही. तिथे मागत होते फक्त मित्रांची नावं.

सगळे रेफरल वाईट, असं मी म्हणत नाहीये. ड्रॉपबॉक्सचं बघा. मित्राला आणलं की तुम्हाला ५०० एमबी जागा आणि मित्रालाही तेवढीच. कार्ड नंबर नाही, ट्रायल नाही, पाच पूर्ण व्हायची अट नाही. एक आणला तरी एकाचं मिळालं. मुख्य म्हणजे शिफारस करणारा ती वस्तू स्वतः वापरत होता. २०१७ मध्ये गूगलचं तेज (आताचं गूगल पे) आलं, तेव्हा एका रेफरलला ५१ रुपये मिळत. दोघांनाही मिळत. सोसायटीच्या वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी ते वाटलं आणि कोणाचं फार बिघडलं नाही.

त्यामुळे मी स्वतःपुरत्या तीन चाचण्या ठरवल्या आहेत. ही वस्तू बक्षीस नसतं तरी मी मित्राला सुचवली असती का? मध्येच सोडलं तर केलेल्या कामाचं मोल मिळतं, की शून्य? आणि माझ्या खाली येणाऱ्यालाही माझ्याइतकाच फायदा होणार आहे का, की त्याला आधी आणखी पाच बकरे शोधायचे आहेत? तिन्हींचं उत्तर धड असेल तर खुशाल लिंक पाठवावी.

आणि पाठवताना एक ओळ जास्त लिहावी. "यातून मला शंभर रुपये मिळतील, तुला पन्नास. मी दोन महिने वापरतोय, बरं आहे. नाही घेतलंस तरी चालेल." बस्स. आजकाल प्रत्येक ग्रुपवर कोणाचा ना कोणाचा कोड येत असतो. डीमॅट खातं, क्रेडिट कार्ड, किराणा मागवायचं अॅप. "अरे जबरदस्त आहे, लगेच घे" एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली ती लांबलचक लिंक. कमिशनचा उल्लेख केला तर कोणी घेणार नाही, अशी भीती वाटते का? वाटत असेल, तर याचा अर्थ शिफारशीत दम नाही. शिफारस खरी असेल तर "मला शंभर मिळतील" ऐकून मित्र हसेल, चहा मागेल आणि लिंक उघडेल.

आयपॉडचं उत्पादन अॅपलने २०२२ मध्ये कायमचं थांबवलं. त्या काळी जिंकलेले आयपॉड आता कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये बॅटरी मेलेल्या अवस्थेत पडले असतील. ज्या पाच जणांना तेव्हा गळ घातली होती ते मात्र अजून फोनबुकात आहेत. आपला मेसेज आला की त्यांनी नळ सोडून बघायचा, की सरळ पाणी प्यायचं, हे आपण शंभर रुपयांसाठी ठरवणार असू, तर सौदा महागच आहे.