निंदेचा जमाखर्च

शिवी ऐकूनही जो उलट बोलत नाही, त्याला शिवी देणाऱ्याचे पुण्य मिळते, असे महाभारतातील विदुरनीती सांगते. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा व्यवहार चटकन कळावा : एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. मला मात्र तो उशिरा कळला.

एका कारकुनाच्या गोपनीय अहवालात मी 'कामात लक्ष नाही' असे लिहिले. चहाच्या वेळी तेच चवीने चारचौघांत सांगितलेही. खरे पाप तेच असावे. त्याची बढती हुकली. घरी त्याची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती, हे मागाहून समजले. तो मला एका शब्दाने बोलला नाही. माझ्या निवृत्तीच्या दिवशी हार घेऊन आला, वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला माझा हात उचलेना.