पक्षाघात : नावातच सांगितलेला आघात

सोलापूरच्या दोशी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घातला. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्यांना व्यवसायातून निवृत्त व्हावे लागले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. अशा कर्तृत्ववान पुरुषालाही थांबविणाऱ्या या व्याधीच्या नावाचा अर्थ आज पाहू.

संस्कृतात ‘पक्ष’ म्हणजे पंख, तसेच बाजू. शरीराच्या एका बाजूवर झालेला आघात तो पक्षाघात. सुश्रुतसंहितेत हा शब्द आढळतो. चरकसंहितेत ‘पक्षवध’ असे नाव आहे. आयुर्वेदाने ही व्याधी वातविकारांत गणली. त्यातूनच ‘अर्धांगवायू’ हा शब्द रूढ झाला आणि बोलीत ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हटले जाऊ लागले. ‘लकवा’ मूळ अरबी. तेथे त्याचा अर्थ तोंड वाकडे होणे एवढाच.

डॉक्टरांच्या कागदावरील ‘हेमिप्लेजिया’ हा शब्द ग्रीक आहे. ‘हेमि’ म्हणजे अर्धा, ‘प्लेगे’ म्हणजे प्रहार. एकच हात वा पाय लुळा पडला, तर ‘मोनोप्लेजिया’; दोन्ही पाय गेले, तर ‘पॅराप्लेजिया’. इंग्रजी ‘स्ट्रोक’चाही अर्थ तडाखाच. भाषा निरनिराळ्या, पण अकस्मात झालेल्या प्रहाराची कल्पना एकच.

हा प्रहार दिसतो हातापायांवर. होतो मात्र बहुधा मेंदूवर. तेथील रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की सामान्यतः डावे अंग लुळे पडते. ‘वायू’ या शब्दावर विसंबून घरी तेल चोळत बसल्यास मोलाचा वेळ जातो. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते.

म्हणून तोंड वाकडे होणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले, तर रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. व्यापारी घरात प्रत्येक व्यवहाराची नोंद होते. तशीच रुग्ण शेवटचा ठीक असल्याची वेळही लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम तीच विचारतात.