तुम्हीच ना सुनीता शिंदे?

चुकीच्या गटाचे रक्त चढले की पहिला संशय ब्लड बँकेवर जातो. चूक मात्र पुष्कळदा त्याआधीच, वॉर्डात, सकाळच्या घाईत होऊन गेलेली असते. नमुन्याच्या नळीवर, म्हणजे बल्बवर, नाव सुनीता शिंदे यांचे आणि आत रक्त शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे. ब्लड बँक त्या रक्ताचा गट काढते, त्याला चालणारी पिशवी शोधते, क्रॉसमॅचही (पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताला चालते का, ही चाचणी) बिनतक्रार जुळतो. जुळणारच, तो त्याच बल्बातल्या रक्ताशी केलेला असतो! पिशवी लागते सुनीताबाईंना. त्यांचा गट ओ आणि पिशवीतले रक्त ए गटाचे असेल, तर काही मिनिटांतच थंडी, कंबरदुखी, लाल लघवी सुरू होऊ शकते. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊन जीवही जाऊ शकतो. दोघींचा गट एकच निघाला तर सहसा काहीच होत नाही आणि चूक कुणाला कळतही नाही.

दहा देशांतल्या ६२ रुग्णालयांची एक पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत साधारण दर दोन हजार नमुन्यांमागे एकात रक्त भलत्याच माणसाचे होते.

‘तुम्हीच ना सुनीता शिंदे?’ असे विचारले की ग्लानीतली, कमी ऐकू येणारी किंवा डॉक्टरांपुढे बुजलेली बाई ‘हो’ म्हणून मोकळी होते. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हटले तर नाव तिलाच सांगावे लागते. त्यातून आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीचे आधारवर एक आडनाव आणि केसपेपरवर दुसरे! खाटेचा नंबर ही तर ओळखच नव्हे, खाटा बदलतात. नाव आणि नोंदणी क्रमांक मनगटावरच्या पट्टीशी ताडून, रक्त घेतल्यावर तिथेच, खाटेपाशी बल्बवर लिहायचे, याला कसलेही यंत्र लागत नाही. तरीही सिस्टरांच्या टेबलावर आधीच स्टिकर लावलेल्या बल्बांची रांग दिसतेच.

गटाची जुनी नोंद नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेला दुसरा नमुना तपासावा, असे ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तातडी असेल तर तोवर ओ गटाचे रक्त. आपल्याकडे दुसऱ्यांदा सुई टोचली की नातेवाईक भांडतात. पण हे भांडण टाळण्यासाठी एकाच वेळी काढलेले रक्त दोन बल्बांत भरून ‘दुसरा नमुना’ म्हणून पाठवणे ही निव्वळ फसवणूक आहे.

नावातल्या एका अक्षरासाठी नमुना परत पाठवणारा तंत्रज्ञ वॉर्डात खडूस ठरतो. तो बरोबर असतो. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या १९९७ मधल्या अभ्यासात, लेबलात दोष असलेल्या नमुन्यांत गटाची गफलत निघण्याचे प्रमाण बिनचूक लेबलच्या नमुन्यांच्या ४० पट होते. असा नमुना खोडून दुरुस्त करायचा नसतो, नव्याने घ्यायचा असतो. आणि नातेवाईकांनो, तुमच्या माणसाचे रक्त काढले की बल्बवर नाव लिहून होईपर्यंत तो बल्ब खाटेपासून हलू देऊ नका.