टाळ्या घेणारे एक वाक्य

वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षक म्हणून आम्ही गेली कित्येक वर्षे बसतो आहोत. विषय 'बदलती कुटुंबव्यवस्था' असो वा 'हरवलेले संस्कार', एक वाक्य येतेच आणि त्यावर टाळ्याही पडतातच: ज्या आईबापांनी मुलाला पाळणाघरात ठेवले, त्यांना ते मूल उद्या वृद्धाश्रमात ठेवील. वाक्याला तोल आहे, हे मान्य. दोन इमारती, दोन असहाय जीव आणि मध्ये एक शाप. विद्यार्थी हे आणतात कुठून, असे आम्हांला वाटे. उत्तर लाजिरवाणे आहे. मातृत्वाच्या कविता शिकवताना आम्हीच ते वर्गात अधूनमधून पेरले आहे.

आमचा पहिला आक्षेप त्यातल्या कर्त्यावर आहे. 'आईबाप' हा शब्द तिथे शोभेपुरता. ऐकणारा ऐकतो तो 'आई' एवढाच. प्रसूतिरजा संपवून परतलेल्या बाईंना स्टाफरूममध्ये "बाळाला कुणाकडे ठेवता?" असे दहा जण विचारतात. त्याच वयाचे मूल घरी असलेल्या सरांना एकही नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. सगळीच पाळणाघरे पाप ठरवली, की चांगले कोणते आणि वाईट कोणते, हे बोलण्याचे कारणच उरत नाही. आमच्यातल्या एकीने आपल्या सात महिन्यांच्या मुलीसाठी शोध घेतला, तेव्हा पहिल्याच ठिकाणी भिंतीभर कार्टूने, इंग्रजी बडबडगीते आणि छापील माहितीपत्रक होते. मात्र पालकांनी मधल्या वेळेत यायचे नाही, "मुलं डिस्टर्ब होतात." दुसरे ठिकाण म्हणजे एका काकूंचे दोन खोल्यांचे घर. सहा मुले, मदतीला एक बाई, स्वयंपाकघराच्या दाराला रांगत्या मुलांसाठी आडवी फळी. काकूंनी फीआधी विचारले, "झोपताना काय लागतं तिला? कशाला घाबरते?" आणि निघताना म्हणाल्या, "केव्हाही या, दार लोटलेलंच असतं." मुलगी तिथेच राहिली. न सांगता जाता येत नाही, त्या जागी मूल ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एका बाईकडे तान्ही मुले किती, तीच बाई चार महिन्यांनीही दिसते का आणि तिला पगार काय मिळतो, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न अगोचर वाटेल. पण पगार परवडत नाही म्हणून मावशी बदलतात, आणि प्रत्येक बदलीला मूल नव्याने परके होते.

पाळणाघर हे पाश्चात्त्य खूळ आहे, असेही एक विधान टाळ्यांच्या आसपास येते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, पुढे कोसबाडला अनुताई वाघांसह ते वाढवले. त्यांच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. धाकटे भावंड कडेवर असलेल्या मुलाने शाळेत यायचे कसे, हा त्यामागचा व्यवहारी प्रश्न. बालशिक्षणाच्या इतिहासात आपण ताराबाईंना नमस्कार करतो आणि त्यातले पाळणाघर वगळून पुढे जातो.

कायद्यालाही हे कळलेले आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमात स्त्री-कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय व आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा देणे बंधनकारक झाले. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती तरतूद पुढे चालवली. आमच्या एका जुन्या महाविद्यालयात या संदर्भात अर्ज केला, तेव्हा कार्यालयाचे तोंडी उत्तर आले, "आपण काय कारखाना आहोत?"

तरीही तिथे पाळणाघर झाले. नॅकच्या सातव्या निकषात स्त्रियांच्या सोयींबाबत विचारताना लहान मुलांच्या संगोपन केंद्राचाही उल्लेख असे. समिती येण्याच्या आठवड्यात एक खोली रंगवली गेली, भिंतीवर हत्ती काढला, एक पाळणा आणला, फोटो निघाले. समिती गेली आणि कुलूप लागले. नंतर परीक्षा विभागाच्या जुन्या उत्तरपत्रिका पाळण्यापर्यंत पोचल्या. हा सारा काळ त्याच सभागृहात वृद्धाश्रमाच्या वाक्यावर आम्ही गुण देत होतो; आशयाला दहापैकी आठ.

यंदाही परीक्षक म्हणून बोलावणे आहे. वाक्य आलेच, तर वक्त्याला आम्ही एवढेच विचारणार आहोत: तुझ्या महाविद्यालयातल्या पाळणाघराची किल्ली कुणाकडे असते?